प्लास्टिकात घातलेला लग्नाचा दाखला

मी, कुन्नत्तुवळप्पिल अलवीकुट्टी, वय ६६ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी दोहा येथे एका कंपनीच्या कचेरीत शिपाई, राहणार पुळिक्कत्तोडी, मशिदीच्या मागे, जिल्हा मलप्पुरम. आज गुरुवार, दि. १७ नोव्हेंबर २०११ रोजी सकाळी साडेदहा वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे.

घरी मी, सून सफूरा, वय २६, आणि नात नशवा, वय ३, असे तिघे राहतो. माझी बायको बीवातु दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा शमील दोह्याला नोकरीस आहे. कंपनीने यंदा त्याला कुटुंब नेण्याची परवानगी आणि दोन खोल्या दिल्या. मात्र लग्नाच्या दाखल्यावर सगळे शिक्के होऊन तो ३० नोव्हेंबरच्या आत तिकडे पोचला पाहिजे, नाहीतर खोल्या यादीतल्या पुढच्या माणसाला जातील, असे कळवले होते.

शिक्के तीन. आधी कोझिकोडला राज्याच्या कचेरीचा, मग दिल्लीचा, शेवटी वकिलातीचा. तिन्ही दाखल्याच्या पाठीवरच मारतात. घरातले कोणीही कागद घेऊन गेले तरी चालते. सून म्हणाली, "उप्पा, तुमचा जन्म गेला या कागदांत. तुम्हीच जा कोझिकोडला." मी हो म्हणालो.

सोमवार दि. १४ रोजी सकाळी नऊच्या सुमारास मी दाखला घेऊन निघालो. बसथांब्यासमोर प्रभीषचे झेरॉक्सचे दुकान आहे. त्याला मी त्याच्या लहानपणापासून ओळखतो. दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. मी दाखला त्याच्या हातात दिला आणि लॅमिनेशन करायला सांगितले. तेव्हा आमचे बोलणे झाले ते असे.

"अलवीक्का, हा गल्फला जायचाय ना? मग प्लास्टिक नको. त्याच्यावर शिक्का बसत नाही, खिडकीवरूनच परत करतात."

"मला शिकवतोस? तू चड्डीत होतास तेव्हापासून मी शिक्के मारून आणतोय."

"म्हणूनच म्हणतोय ना. तुम्हाला काय माहीत नाही?"

"ओल लागते रे कागदाला. टाक आत."

त्याने आणखी एकदा विचारले. मी चिडलो, तेव्हा त्याने दाखला मशीनमध्ये घातला. प्लास्टिक लावलेला कागद परत येतो हे मला पक्के ठाऊक होते. दोह्यात साहेबांचे असे कागद मी स्वतः खिडकीवरून परत आणले आहेत.

मी कोझिकोडला गेलो नाही. वाटेत तिरूर स्टँडवर दुपारी दोनपर्यंत बसलो, दोन चहा घेतले आणि घरी आलो. घरी सांगितले की, खिडकीवर कागद नाकारला. मी झेरॉक्स सांगितली होती, त्या गाढवाने परस्पर प्लास्टिक लावले, असेही म्हणालो. हे खोटे होते.

सुनेने स्वयंपाकघरात ब्लेडने कडा सोडवून पाहिल्या. प्लास्टिकबरोबर अक्षरेही उठून येऊ लागली. तिने पंचायतीत फोन करून चौकशी केली. नवा दाखला मिळायला पंधरा दिवस, त्यापुढे शिक्के. तारीख गाठणे शक्य नव्हते. ती मला एका शब्दाने बोलली नाही. "तुमचा काय दोष, उप्पा? सकाळपासून उपाशी असाल," असे म्हणून तिने मला पेज वाढली. मी ती खाल्ली.

बुधवार दि. १६ रोजी संध्याकाळी पाचला सुनेचा भाऊ रियास घरी आला. सगळे ऐकून तो तडक दुकानाकडे निघाला. तो कशाला चाललाय हे मला कळत होते. मी त्याला थांबवले नाही. मागाहून मी पोचलो तेव्हा मशीन रस्त्यावर फुटून पडले होते आणि प्रभीषच्या कानातून रक्त येत होते. मला पाहून तो म्हणाला, "अलवीक्का, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना." माणसे जमली होती. मी तसाच मागे फिरून घरी आलो.

आज सकाळी रियासचा फोन आला. "उप्पा, फक्त झेरॉक्स सांगितली होती एवढंच म्हणा. बाकी मी बघतो." मी तसे म्हणणार नाही. प्लास्टिक लावायला मीच सांगितले, असे प्रभीषने ठाण्यात दिलेल्या तक्रारीत लिहिले आहे ते खरे आहे. त्याचा काही अपराध नाही.

असे का केले, असे विचारल्यावरून सांगतो. मी चोवीस वर्षे दोह्यात होतो. चौदाव्या वर्षी माझा पगार कुटुंब नेण्याच्या नियमात बसला आणि मलाही बायकोला नेता आले असते. शिपायाला परवानगी नसते, असे मी तिला सांगितले. एकटा राहायची सवय झाली होती आणि मला ती बरी वाटत होती. तिने पुन्हा कधी विचारले नाही. रिकाम्या घरात माणूस दिवस कसा काढते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. बीवातु गेल्यावर सून महिनाभर माहेरी होती, तेव्हा कळले. नशवा दुपारी माझ्या ताटातला मासा खाते. त्या दोघी गेल्या असत्या तर मी तसा पुन्हा राहू शकलो नसतो. मला याची लाज वाटते. याचा तपासाशी संबंध नसेल, तरी लिहून घ्यावे.

जबाब पुरा झाल्यावर मी विनंती केली की तो वाचून दाखवू नये, मी तशीच सही करतो. माझ्याने ठाण्यापर्यंत चालवत नाही म्हणून सूनच मला रिक्षाने घेऊन आली आहे आणि दाराबाहेर बाकावर बसली आहे. वाचून दाखवल्याशिवाय सही घेता येत नाही, असे सांगण्यात आले. मग निदान हळू आवाजात वाचा, असे मी म्हणालो. मला कमी ऐकू येत असल्यामुळे जबाब मोठ्याने वाचण्यात आला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.