कर्नलपुढे गाऱ्हाणं

मुंबईत सर्व्हर सांभाळते म्हणून मी मोठी मिरवायचे, पण माझी खोड मोडली मालवणच्या आमच्या काकांनी.

त्यांच्या मासळीच्या कोल्डरूममधला भोंगा उशिरा वाजायचा, त्यात दोनदा सुरमई नासली. किती तापमानाला वाजायचं तो आकडा भोंगा चालवणाऱ्या संगणकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ठेवलेला. मी समजावलं, "काका, सिस्टम कॉल करून, म्हणजे गाभ्याला रीतसर विनंती करून, तो कोणीही विचारू शकतं. बदलायला मात्र रूटचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याचा, अधिकार लागतो."

"म्हणजे देवळातल्या गाऱ्हाण्यासारखा," काका म्हणाले. गाऱ्हाणं म्हणजे गावाने मिळून देवाला घातलेलं साकडं. "घालूचा मानकऱ्यान. आपण फकत 'व्हय म्हाराजा' म्हणूचा."

मी आकडा बदलला, परत वाचून दाखवला आणि ऐटीत चहा घेतला. तेवढ्यात लाइट गेली. आली, संगणक पुन्हा सुरू झाला, तर आकडा जुनाच.

माझा चेहरा पडला. काका म्हणाले, "गो, गाऱ्हाणा एकदा घालून भागता काय? दरवर्सा घालूचाच लागता."

खरंच की. मग संगणक सुरू होताना दरवेळी जी फाइल वाचतो, तिच्यातच मी तो आकडा लिहिला.

काकांनी स्वतः मेन स्विच पाडला आणि परत चढवला. पडद्यावर नवा आकडा आला.

काकांनी हात जोडले. "व्हय म्हाराजा."