मोरपंखीच्या कुंपणातील भोकाबाबत

वर नोंदलेले नाव माझेच आहे, पण त्या नावाने आता मला कोणी हाक मारत नाही. गल्लीत सगळे टेलरमावशी म्हणतात. वय ६३ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार गल्लीतले शेवटून दुसरे घर, एकटी. आज सकाळी आपणहून ठाण्यात येऊन अंमलदार मॅडमसमोर सांगते ते असे :

माझ्या व शेजारच्या ठेकेदारांच्या मागच्या अंगणांच्या मध्ये मोरपंखीच्या झाडांचे कुंपण आहे. बारा महिने हिरवे असते. मधोमध तारेची जाळी असून तिच्या चौकटींतून हात जातो, माणूस जात नाही. शेजारी ठेकेदार, त्यांची आई व बायको अशी तीन माणसे राहतात. बायको लग्नाआधी रोपवाटिकेत कामाला होती, म्हणून मी तिला माळीणबाई म्हणते. ती मला मावशी म्हणते.

माझी तक्रार ठेकेदारांविरुद्ध आहे. त्यांनी कुंपणाला भोक पाडून झाडांचे कायमचे वाटोळे केले, माझे दोन पडदे कापले आणि माळीणबाईला माझ्याशी बोलण्यापासून तोडले. तिसरी गोष्ट कायद्यात बसत नसेल तर पहिल्या दोनच लिहा, असे मी म्हणाले. मॅडमनी तिन्ही लिहिल्या आहेत.

पूर्वी वर्षातून दोनदा आम्ही दोघी मिळून कुंपण छाटत असू. ती तिच्या बाजूने, मी माझ्या. मला झाडातले ओ की ठो कळत नव्हते, सगळे तिने शिकवले. कुंपण खाली रुंद आणि वर निमुळते ठेवायचे, म्हणजे बुडाला ऊन मिळते. फक्त हिरवा शेंडा कापायचा. आत तपकिरी लाकूड असते, तिथवर कात्री न्यायची नाही. बाकीची झाडे कशीही कापली तरी फुटतात, मोरपंखी त्या लाकडातून पुन्हा फुटत नाही. तिथे पडलेले भोक तसेच राहते. "मावशी, जाकिटाचा गळा जास्त कापलात तर परत जोडता येतो का? तसंच हे," असे ती म्हणायची. छाटता छाटता आमच्या इतक्या गप्पा व्हायच्या की तिची सासू आतून ओरडायची, "कुंपण कापताय की आमची अब्रू?"

मागच्या छाटणीला ती आली नाही. ठेकेदारांना विचारले तर म्हणाले, "माहेरी गेली आहे, आणि कुंपण वाढू दे आता, लोकांना फार डोकवायची सवय लागली आहे." हे मला उद्देशून होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिचा फोन तेव्हापासून बंद लागतो. हे गृहस्थ पूर्वी एकदा झाडे काढून भिंत घालू म्हणाले होते. भिंत घालायची तर ती चार बोटे माझ्या हद्दीत येणार हे मला कळत नाही असे थोडेच आहे? तेव्हापासूनच कुठेतरी पाणी मुरते आहे असे मला वाटत होते.

साधारण महिन्यापूर्वी मला भोक दिसले. मी दिवसभर ज्या खिडकीशी मशीनवर बसते, बरोबर तिच्यासमोर, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, ताटाएवढे. फांद्या पार तपकिरी लाकडापर्यंत कापलेल्या. माझी खात्री झाली की ठेकेदारांनीच मुद्दाम केले. आधी झाडे वाळवायची, मग वाळली म्हणून काढायची. मी फाटकात जाऊन त्यांना विचारले. त्यांनी कानांवर हात ठेवले. "तुमच्या वयाला असं काहीबाही दिसायचंच," असे म्हणाले. म्हटले ठीक आहे, दाखवते काय काय दिसते ते.

मी माझ्या बाजूने भोकावर जुना जाड पडदा ताणून बांधला. दुसऱ्या दिवशी त्याला मधोमध चौकोन कापलेला. दुसरा पडदा बांधला, त्याचेही तेच झाले. कापाची कड मी पाहिली. कापडाच्या कात्रीचा काप नव्हता, कड चावल्यासारखी होती. फांद्या कापायच्या छोट्या कात्रीने, म्हणजे सिकेटरने, कापड कापले की असे होते. माझ्या धंद्यात हे मला कोणी सांगायला नको. दोन्ही तुकडे सोबत आणले आहेत.

मग मी पत्रा ठोकला. चांगला जाड, झाडांच्या खोडांना चार खिळे मारून.

पत्रा ठोकल्यावर एका दुपारी त्याच्यावर नखाने वाजवल्यासारखा आवाज आला. थांबला, पुन्हा आला. माझी सहनशक्ती संपली होती. मी ओरडले, "कोण आहे तिकडे? पुरे झाला हा चावटपणा!" तर पलीकडून सासूचा आवाज आला, "कोणाशी बोलतेस गं सूनबाई?" आणि दार आपटले. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण कान फार तिखट आहेत, दिवसभर मागच्या पायरीवर बसून असते. मला समजले की माळीणबाई माहेरी नाही, घरीच आहे, आणि मला चुकवते आहे. मला फार वाईट वाटले. मी तिला पोटच्या पोरीसारखी मानत होते. बसू दे फुगून, असे मी ठरवले. त्यानंतर आवाज आला नाही.

आज सकाळी पुराव्यासाठी मी पत्रा काढला व भोकात हात घातला. ठेकेदारांच्या बाजूने भोक उघडे नव्हते. तिथे मोरपंखीचे कापलेले हिरवे शेंडे खोचून जाळीला चिंधीने बांधले होते. हे शेंडे कापल्यावरही बरेच दिवस हिरवे राहतात, लांबून कुंपण अखंड वाटते. चिंधी मी सोडून आणली. ती माळीणबाईच्या झग्याची आहे. झगा मी शिवला होता, टीप माझी आहे. माझ्या हातचे कपडे फाडून बांधण्यापर्यंत या लोकांची मजल गेली, हे लिहून घ्यावे असे मी मॅडमना सांगितले.

मॅडमनी चिंधी टेबलावर पसरली व मला काही प्रश्न विचारले. विचारल्यावरून सांगते की, ठेकेदार कामावर जाताना पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावतात. मी रोज पाहते. आत त्यांची आई असताना कुलूप कशाला, असे माझ्या मनात आले होते. चोरांच्या भीतीने असेल असे वाटले.

विचारल्यावरून सांगते की, मागच्या अंगणाला उरलेल्या बाजूंनी उंच भिंत आहे. फाटक नाही.

विचारल्यावरून सांगते की, ठेकेदारांना सिकेटर धरता येत नाही. त्या घरात ते फक्त माळीणबाई वापरते.

विचारल्यावरून सांगते की, होय, तपकिरी लाकडापर्यंत कापले तर भोक पुन्हा बुजत नाही, हे तिला माहीत आहे. मला तिनेच शिकवले.

विचारल्यावरून सांगते की, ठेकेदारांना भोक पाडायचे असते तर त्यांनी आपल्याच बाजूने ते झाकले नसते.

यानंतर मी टेबलावरची चिंधी हातात घेतली. मॅडमनी पाणी दिले. जबाब पुढे चालू.

तिला हाक मारता येत नव्हती, सासू पायरीवर बसलेली. फोन नव्हता. तिच्या हातात एक सिकेटर होते. मी कुठे बसते ते तिला ठाऊक होते, म्हणून तिने तिथेच कापले, कधी बुजणार नाही असे कापले आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून आपल्या बाजूने शेंडे बांधले. मी वाकून एकदा शेंडे बाजूला केले असते तर झाले असते. मी पडदा लावला. तिने तो कापला. मी दुसरा लावला, तिने तोही कापला. मग मी पत्रा ठोकला, आणि ती वाजवायला आली तेव्हा ओरडून तिच्या सासूला जागे केले. अहो, मीच केले हे सगळे. त्या दुपारनंतर मला त्या अंगणातून तिच्या पावलांचासुद्धा आवाज आलेला नाही.

आज सकाळी शेंडे सोडताना मी पलीकडे पाहिले होते. मागचे दार बंद होते व पायरीवर सासू नव्हती. त्या वेळी मी फक्त चिंधीच्या टिपेकडे बघत होते.

झाडांबद्दल व पडद्यांबद्दल माझी तक्रार नाही, ती मी मागे घेते. कुंपण उपटून टाकले तरी चालेल. माझे म्हणणे एवढेच आहे की, त्या घराचे दार आत्ता उघडावे. किल्ली ठेकेदारांकडे असते, ते संध्याकाळी येतात, तोवर थांबू नये. कुलूप तोडावे लागले तर त्याचे जे काय व्हायचे ते माझ्या नावावर लिहावे.

मॅडम उठल्या आहेत. जबाब वाचून दाखवायचा राहिला, असे लिहिणाऱ्या शिपायाने सांगितले. मी म्हणाले, गाडीत वाचा.

हा जबाब मला चालत्या गाडीत मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. वाचून झाले तेव्हा गाडी ठेकेदारांच्या फाटकाशी थांबली होती आणि मॅडम उतरल्या होत्या. शिपायाने सहीसाठी पेन दिले. सही ती बाहेर आल्यावर करीन.