काळ्याकुट्ट शाईतली सही

सध्या मी एकेक गडद शाई वापरून बघतोय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा पंचवटीतल्या आमच्या गल्लीतला वड तोडायला हरकत घ्यायचा शेवटचा दिवस होता. अर्ज फाउंटन पेननेच लिहून महापालिकेत नेला, नव्या काळ्याकुट्ट शाईत.

खिडकीतले काका म्हणाले, "ही झेरॉक्स आहे. ओरिजनल आणा."

"काका, ओरिजनलच आहे. शाईच इतकी काळी आहे."

त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि तो माझ्या सहीवर घासला. सही पसरली.

"हां, ओरिजनल आहे. पण सही पुसलेली आहे, असा अर्ज चालत नाही."

"अहो, तुम्हीच पुसलीत ना?"

"पुसली नाही, तपासली. खाली दुसरी करा."

केली. काकांनी पुन्हा अंगठा ओला केला.