भिंतीवरचं बटण

दुरुस्तीच्या दुकानात आपल्या लॅपटॉपची वाट बघत बसलेल्या नर्सबाईंनी मासिक उघडलं खरं, पण त्यांचे कान काउंटरकडेच होते. तिथे एक वयस्क गृहस्थ आपला लॅपटॉप छातीशी धरून उभे होते.

"मेलाय हो हा. काही केल्या सुरूच होत नाही."

"मेला कसला, काका! उपाशी आहे नुसता. माझा चार्जर लावला, बघा, उठला लगेच."

"पण मी रोज रात्री चार्जिंगला लावतो."

"तुमचा चार्जर बिघडला असेल. आणलाय?"

"हा घ्या."

"हाही ठणठणीत आहे. भिंतीवरचं बटण चालू असतं ना?"

"असतं की. झोपताना तेवढं बंद करतो. घरातली सगळी बटणं बंद केल्याशिवाय मी पाठ टेकत नाही."

"चार्जिंगचंही?"

"सगळी म्हणजे सगळी."

"मग तो रात्रभर चार्ज होणार कसा?"

"वा! इतकी वर्षं कसा होत होता?"

"आता ते मी काय सांगू?"

"अहो, यावरून रोज वाजायचं आमचं. ही म्हणायची, एवढं एक बटण राहू द्या. मी कसला ऐकतोय! शेवटी गप्प झोपायची बिचारी."

"मग काकूंनाच विचारा की."

"आता कुठून विचारू? गेल्या महिन्यात गेली ती."

वायर गुंडाळणारा दुकानदाराचा हात थांबला.

"गप्प झोपायची... म्हणजे, मला आपलं वाटायचं, झोपली."