ग्रेगची टर्की

मूर्खपणा माझाच होता गं. शेजारच्या ग्रेगला मी ऐटीत सांगून बसले, "माझे बाबा शिकारीला जायचे. पक्षी साफ करणं मला लहानपणापासून येतं. नो वरीज!"

झालं! ग्रेग इथल्या जवळच्या एका बेटावर शिकारीला गेला होता, तो आला अख्खी जंगली टर्कीच घेऊन, पिसांसकट. वर म्हणाला, "आज तुझ्या हातची करी, मेट. संध्याकाळी मी आणि बायको येतोय."

मी रुबाबात टबात उकळतं पाणी ओतलं, टर्की बुडवली आणि पिसं ओढली. तर पिसांबरोबर कातडीही हातात! पण गराजभर तो ओल्या पिसांचा वास सुटला ना, एकदम चिपळूणची पडवी आठवली. पिसं उपटल्याचा तो चरचर आवाज, बाबांचं गुणगुणणं... डोळेच भरून आले.

शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला. फाटकी टर्की बघून ती म्हणाली, "अगं, उकळतं पाणी कोण घेतं? बाबा आधी बोट घालून बघायचे. कधी पाहिलं नाहीस?"

"असं काय गं आई! दर वेळी मी त्यांना चिकटून तर बसलेली असायचे."

"असायचीस," आई म्हणाली. "डोळे घट्ट मिटून."