घड्याळ मागे गेलं आणि लग्न लागून गेलं

अगं, गेल्या नोव्हेंबरातली गंमत सांगते. माझ्या सासूबाई आमच्याकडे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आल्या होत्या. त्यांची मालिका भारतात संध्याकाळी साडेसातला लागते, म्हणजे आमच्या ओहायोत सकाळी दहाला. त्या सोमवारी मालिकेत लग्न होतं, म्हणून त्यांनी शेजारच्या दोन काकूंनाही चहाला बोलावलं. तिघी ठेवणीतल्या साड्या नेसून दहाला टीव्हीसमोर बसल्या, तर भलतीच मालिका चालू!

मी म्हटलं, "आई, डेलाइट सेव्हिंग संपलं. काल इथली घड्याळं एक तास मागे गेली, भारतातली नाही. लग्न नऊलाच लागलं."

सासूबाईंचा चेहरा पडला. मी ॲपवर तो भाग शोधेपर्यंत त्यांनी नाशिकच्या बहिणीला, शालूमावशींना, स्पीकरवर फोन लावलासुद्धा. मावशींनी नवरा, नवरी, रडणारी सासू, सगळ्यांचे आवाज काढून अख्खा भाग ऐकवला. तिघी हसून हसून बेजार!

मंगळवारी तिघींनी बरोबर नऊला मालिका पाहिली आणि ती संपताच पुन्हा मावशींना फोन.

"अगं, आज तर तुम्ही पाहिलंत ना?" मावशी म्हणाल्या.

"पाहिलं हो," एक काकू म्हणाल्या, "पण त्या सासूला तुमच्यासारखं रडता येत नाही!"