दारावरच्या माणसाचं रिव्हॉल्वर

रॉयस : परत आणलंत, मिस्टर ऑर्व्हिल?

ऑर्व्हिल : मी नाही आणलं. खिशातून निघत नाही म्हणून माझ्याबरोबर आलं.

रॉयस : म्हणजे आत्ता ते खिशातच आहे.

ऑर्व्हिल : तीच तर तक्रार आहे.

मॉडीन : घाबरू नकोस, रॉयस. रिकामं आहे. गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत. लग्न झाल्यापासून या माणसाचं सगळं माझ्याच पर्समध्ये असतं.

रॉयस : तुम्ही बसा, मॅम. ती खुर्ची घ्या. तिच्यावरचं हरणाचं मुंडकं खाली ठेवा, ते विकायचं नाहीये. हां. आता मिस्टर ऑर्व्हिल, ओढू नका. डाव्या हाताने खिशाचं कापड धरा आणि उजव्या हाताने सावकाश... ओढू नका म्हटलं ना.

ऑर्व्हिल : निघालं.

मॉडीन : खिसाही निघाला.

रॉयस : हे बघा, मी तेव्हाच सांगितलं होतं. पाच गोळ्यांचं हे रिव्हॉल्वर म्हणजे माझ्या दुकानातली सगळ्यात हलकी वस्तू. घेवड्याच्या डब्याचं वजन याच्यापेक्षा जास्त भरेल. सकाळी खिशात टाकायचं आणि दिवसभर विसरून जायचं, यासाठीच ते बनवलंय. त्याला तुम्ही ही एवढी रबरी मूठ बसवून घेतलीत. आता मावणार कसं?

ऑर्व्हिल : मूठ काय मी हौसेने बसवली? आधीच्या चिमुकल्या मुठीने पहिला बार काढला, तर खेचराने तळहातावर लाथ घातल्यासारखं झालं.

रॉयस : हलक्या हत्याराचा धक्का जास्तच बसतो, सर. त्याला वजनच नाही, मग धक्का जाणार कुठे? तुमच्याकडेच येणार.

ऑर्व्हिल : मग हलकं विकलंस कशाला?

रॉयस : कारण आधीच्या जड पोलादी रिव्हॉल्वरने तुमची विजार खाली आली होती.

मॉडीन : ईस्टरला. शेवटच्या स्तोत्राला याने दोन्ही हात वर केले आणि कमरेखालचं सगळं परमेश्वराच्या स्वाधीन केलं. चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या बायका अजून माझ्याकडे बघून मान हलवतात.

ऑर्व्हिल : पट्टा सैल होता.

मॉडीन : पट्टा जागेवर होता, ऑर्व्हिल. तू सैल होतास.

ऑर्व्हिल : ते सोडा. आज बुधवार. शनिवारी परीक्षा आहे. तोवर हे माझ्या खिशात गेलं पाहिजे, खिशातून आलं पाहिजे, आणि उडालं पाहिजे. यात मी काही जगावेगळं मागतोय का?

रॉयस : परीक्षा मीच घेणार आहे. मला माहीत आहे.

ऑर्व्हिल : मग हेही माहीत असेल की नियम तुमच्याच सुरक्षा समितीने काढलाय. चर्चच्या दारात उभा राहणारा हत्यारबंद पाहिजे. हत्यार कोणाला दिसता कामा नये. आणि शनिवारी कागदी ताटलीत पाचातल्या तीन गोळ्या बसल्या पाहिजेत, नाहीतर दार डेल्मर प्रुइटला. डेल्मर विमा विकतो, रॉयस. दारात लोकांशी हात मिळवताना तो तळहातात आपलं कार्ड सरकवेल. मयताला आलेल्यांनाही सरकवेल.

मॉडीन : मयताला आलेल्यांना तर आधी.

ऑर्व्हिल : जिनिंग मिल बंद पडली तेव्हापासून त्या दाराशिवाय मला कुठे जायचं असतं? आठवडाभर मला फक्त ही विचारते, आणि ही काय विचारते तर 'दिवे घालवलेस का'. रविवारी अख्खं गाव विचारतं, 'कसा आहेस, ऑर्व्हिल.' तेवढं एक आहे माझ्याकडे. ते मी त्या कार्डवाल्याला देणार नाही.

रॉयस : समिती माझी एकट्याची नाही, सर.

मॉडीन : समिती बकरीची आहे.

रॉयस : बकरीमुळे नाही झाली, मॅम. दुसऱ्या गावांतून चर्चमधल्या गोळीबाराच्या कसल्या बातम्या येतात, बघता ना तुम्ही.

मॉडीन : बातम्या केव्हापासून येताहेत. समिती झाली ती बकरी आत शिरून वेदीवरची लिलीची फुलं खाऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

ऑर्व्हिल : त्या दिवशी दारात मीच होतो.

मॉडीन : हो. तू तिला 'सुप्रभात, सिस्टर' म्हणालास.

ऑर्व्हिल : चष्मा पुसत होतो.

रॉयस : आपण मुठीबद्दल बोलत होतो. ही मी काढतो, लहान लाकडी बसवतो. आणि खिशात ठेवायचं चामडी म्यान दिलं होतं, ते कुठाय? त्याने हत्यार खिशात उभं राहतं.

ऑर्व्हिल : उभं राहतं, बरोबर. पण हत्यार काढलं की म्यानाने खिशात मागे राहायला पाहिजे ना? ते हत्याराबरोबर बाहेर येतं. परवा परसात मी म्यानासकट नेम धरून उभा होतो.

मॉडीन : गाय बघत होती. तिलाही काही कळेना.

ऑर्व्हिल : वर पोरांसाठी त्याच खिशात पेपरमिंट असतं.

रॉयस : सर, त्या खिशात हत्याराशिवाय दुसरं काहीही ठेवायचं नाही. हे मी तीनदा सांगितलं. चापात काही अडकलं म्हणजे?

ऑर्व्हिल : मग पेपरमिंट कुठे ठेवू?

मॉडीन : माझ्या पर्समध्ये.

रॉयस : बरं, आता चाप. मागच्या वेळी तुमच्या सांगण्यावरून मी मऊ स्प्रिंगा घातल्या होत्या.

ऑर्व्हिल : चाप मऊ झाला. इतका मऊ झाला की बारच उडत नाही. ओढला, टिक्. ओढला, टिक्. कोणी लुटारू आलाच तर त्याला वाटेल मी त्याची वेळ मोजतोय.

रॉयस : स्प्रिंग मऊ केली की घोडा गोळीवर हळू आपटतो. हेही मी सांगितलं होतं.

ऑर्व्हिल : तू सांगतोस फार. मग मूळच्या कडक स्प्रिंगा घाल.

रॉयस : कडक घातल्या की तुम्हाला ओढवत नाही.

ऑर्व्हिल : कोण म्हणतं?

मॉडीन : लोणच्याच्या बाटलीचं झाकण म्हणतं.

ऑर्व्हिल : तू मध्ये बोलू नकोस.

रॉयस : मिस्टर ऑर्व्हिल, माझं जरा ऐका. वीस वर्षं दुकान चालवतोय. वजन नको, पण धक्काही नको. मूठ मोठी हवी, पण खिशात दिसायला नको. चाप लोण्यासारखा हवा, पण बार उडायला हवा. तुम्हाला रिव्हॉल्वर नकोय, सर. तुम्हाला उकडलेला बटाटा हवाय.

मॉडीन : बटाट्याने हात तरी शेकेल.

ऑर्व्हिल : दोघं मिळून हसून घ्या. मग स्प्रिंगा बदल.

रॉयस : बदलतो. ते व्हायला वेळ नाही लागत. ... हं. या खोट्या गोळ्या, नुसत्या सरावाच्या. पाच घातल्या. आता नळीच्या टोकावर हे नाणं ठेवतो. त्या भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या माशाकडे नेम धरा आणि चाप ओढा. नाणं पडलं नाही तर समजायचं हात स्थिर आहे.

ऑर्व्हिल : आपल्या गावात माझ्याइतका स्थिर हात कोणाचा नव्हता. कापसाच्या गाठींना हुक मारायचो मी.

रॉयस : मारत होतात, सर. ओढा.

(ऑर्व्हिल चाप ओढतो. नाणं जागच्या जागी राहतं, कारण चापही जागच्या जागी राहतो.)

ऑर्व्हिल : नाही पडलं.

रॉयस : नाही पडलं, खरं आहे.

ऑर्व्हिल : मग पास.

रॉयस : सर.

ऑर्व्हिल : दोन बोटांनी चालेल का?

रॉयस : दोन बोटं आत मावत नाहीत. ठेवा खाली. लाल झालंय बोट. ठेवा.

मॉडीन : बर्फ आहे का रे, रॉयस?

रॉयस : मागे फ्रिजमध्ये. मासे धरायच्या आमिषाच्या किड्यांच्या शेजारी. किड्यांचा डबा उघडू नका, मॅम, तुमच्या आधी एक बाई... असू दे. आणताहेत का त्या? गेल्या? ऐका, मिस्टर ऑर्व्हिल, हे आपल्या दोघांत. शनिवारची ताटली मी आणणार. तिला आदल्या दिवशी पेन्सिलीने तीन भोकं पडलेली असली तर कोणाला कळणार आहे?

ऑर्व्हिल : काय म्हणालास?

रॉयस : हळू बोला. तुम्हाला काय वाटतं, बाकीच्यांचं काय आहे? समितीत आम्ही पाच जण. एकाच्या म्यानात चष्म्याची पेटी असते, कारण त्याच्या बायकोने हत्यार कुलपात टाकलंय. दुसऱ्याच्या म्यानात टीव्हीचा रिमोट आहे. त्याला अजून पत्ता नाही. घरी टीव्ही लागत नाही म्हणून तो कंपनीशी भांडतोय.

ऑर्व्हिल : ते शनिवारी पास कसे होणार?

रॉयस : समितीला परीक्षा नाही. समिती परीक्षा घेते.

मॉडीन : हे घे बर्फ. कसली भोकं?

ऑर्व्हिल : हा मला चोरून पास करतोय.

मॉडीन : बरं आहे की.

ऑर्व्हिल : बरं नाही. मी नापास झालो तर झालो. पण खिशात खोटं घेऊन मी दारात उभा राहणार नाही. तुम्हाला बकरीचं हसू येतं. मलाही येतं. पण दाराच्या आणि बाकांच्या मध्ये मी असतो, रॉयस. पहिल्या बाकावर माझी नात बसते, बुटांची लेस सोडून. मी दर रविवारी बाहेरच्या प्रत्येक अनोळखी गाडीकडे बघतो आणि मनात म्हणतो, आज नको. तुला वाटतं मी हे सगळं विजारीच्या शोभेसाठी करतोय?

रॉयस : नाही, सर.

ऑर्व्हिल : मग नीट कर ना ते. पैसे घे, हवी ती मूठ लाव, हवी ती स्प्रिंग लाव. कोणीतरी ते नीट करा.

रॉयस : ते नीटच आहे, मिस्टर ऑर्व्हिल. कारखान्यातून आलं तेव्हापासून नीट आहे.

मॉडीन : बोट बर्फात ठेव. बाहेर काढू नकोस. मी तुला एक सांगणार होते, गाडीत सांगणार होते. आयव्हलीनने मला विचारलं, 'ऑर्व्हिल माझ्यावर रागावलाय का?'

ऑर्व्हिल : आयव्हलीन? मी कशाला रागावू?

मॉडीन : तू तिच्याशी हात मिळवत नाहीस म्हणे. तिचा नवरा गेल्यापासून आठवड्यात तिच्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागतो तो तुझाच. असं ती म्हणाली.

ऑर्व्हिल : अगं, हात खिशात असतो. हे आत कलंडतं. धरून ठेवलं नाही तर मुठीचा फुगवटा दिसतो. समितीचा नियम आहे, दिसायला नको.

मॉडीन : तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्यांना काय दिसतं? ईस्टरपासून तू खिशात हात घालून दारात उभा आहेस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे चोर असल्यासारखा बघतोयस. ग्रँथमांची सून आता पोरांना घेऊन चर्चच्या मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने येते.

ऑर्व्हिल : मला वाटलं ती गाडी मागे लावते.

मॉडीन : मागे गाडी लावायला जागाच नाही, ऑर्व्हिल. तिथे कचऱ्याचा पिंप आहे.

ऑर्व्हिल : मला कोणी काही बोललं नाही.

मॉडीन : खिशात बंदूक धरलेल्या माणसाला कोण बोलणार?

रॉयस : लहान मूठ लावली तर फुगवटा दिसणार नाही, मग हात बाहेर...

मॉडीन : रॉयस.

रॉयस : हो, मॅम.

मॉडीन : आणि ऑर्व्हिल, हेही सांग त्याला. खिशात हात बरा असतो म्हणून. सांग.

ऑर्व्हिल : दुखतो. झालं? हिवाळ्यापासून दुखतो. डेल्मर तर असा दाबतो की मला आकडे दिसतात, त्याच्या हप्त्यांचे. खिशात होता तेव्हा कोणी दाबत नव्हतं. म्हटलं, एका कामात दोन कामं झाली.

मॉडीन : आणि तिसरं बिघडलं.

ऑर्व्हिल : आयव्हलीन कुठे म्हणाली हे?

मॉडीन : प्रार्थनेनंतर, भांडी धुताना. बाकीच्या दोघी ताटंच पुसत राहिल्या.

ऑर्व्हिल : म्हणजे दार माझ्याकडे होतं कुठे.

रॉयस : कॉफी घेता का, मिस्टर ऑर्व्हिल? सकाळची आहे.

ऑर्व्हिल : नको. हे तुझ्याकडे ठेव. विकून टाक. घेणाऱ्याला खरं सांग, एका म्हाताऱ्याने फार छळलंय त्याला.

रॉयस : सर, नियमाचं काय? मी तुमच्या बाजूने बोलेन. पण बाकीचे चौघं काय म्हणतील याचा शब्द नाही देऊ शकत. डेल्मरने अर्ज भरलाय.

ऑर्व्हिल : मागतोय कोण शब्द? शनिवारी मी येणार. सगळ्यांसमोर सांगणार, मला चाप ओढवत नाही. आतल्या बाजूला ज्याला ओढवतो त्याला उभा करा, मी त्याच्यासाठी देवाकडे मागेन. पण रविवारी दारात मीच उभा असेन. समिती हत्यारबंद आहे ना? काढू दे मला बाहेर.

मॉडीन : एकाकडे तर रिमोट आहे.

रॉयस : तुम्ही ऐकलंत ते?

मॉडीन : फ्रिज काय शेजारच्या गावात आहे? चल, ऑर्व्हिल. जेवणाचं भांडं ओव्हनमध्ये टाकायचंय. आणि तो खिसा आत घाल, जिभेसारखा लोंबतोय.

रॉयस : मिस्टर ऑर्व्हिल. रविवारी मी समोरच्या दारानेच येईन. काय ठरेल ते ठरो. भेटू मग.

ऑर्व्हिल : आता हात पुढे केलाच आहेस तर थांब. बर्फ पुसू दे. अंगठ्याकडून नको धरूस, बोटांकडून धर. जरा सैल. हां. एवढं जमतंय.